गव्हाचं सत्त्व

आत्ता मी हे लिहीत असताना कुणाच्या तरी घरात एक पोर वाळत असेल. पोट टम्म, हातापायांच्या काड्या, केस तांबूस आणि तोंड सदा रडवेलं. त्याची आई त्याला मांडीवर घेऊन काहीतरी भरवत असेल. शेजारणी म्हणत असतील, एवढं खातं मेलं, जातं कुठं? मी लिहिते आहे ते त्या बाईसाठी. बाई, रडायचं नंतर. आधी काय भरवतेस ते बघ.

माझ्या आजाराला डॉक्टर सिलिअ‍ॅक म्हणतात. गहू पोटात गेला की आतड्याला आतून इजा होते आणि मग खाल्लेलं काहीच अंगी लागत नाही. याहून जास्त मला कळत नाही आणि तुमचंही त्यावाचून अडणार नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. गहू सोडायचा, तो कायमचा. कणीक, मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्किटं ही सगळी त्याचीच पिलावळ. ऐकणाऱ्याला हे इतकं सोपं वाटतं की तो हसतो. मीही हसले होते. मग ते दुखणं मी घरी घेऊन गेले आणि हसू जिरलं.

खंडाळ्याची हवा

माझे वडील खंडाळ्याला एका मुंबईकर शेठच्या बंगल्यावर माळी होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. बंगला दरीच्या तोंडावर आणि त्याच्या मागं आउटहाउसच्या दोन खोल्या. तिथं आम्ही राहायचो, आबा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ दामू. मुंबईची आजारी माणसं डॉक्टरांच्या सल्ल्यानं आमच्याकडं हवा खायला यायची आणि गाल भरून परत जायची. तीच हवा आम्ही दोघं भावंडं बारा महिने फुकट खात होतो आणि बंगल्याच्या मागच्या बाजूला झिजत होतो.

आई डोंगरातल्या एका वाडीची. तिच्या माहेरी भात आणि नाचणी, तिसरं धान्य सणाला. गहू म्हणजे तिच्या लेखी शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या लोकांचं अन्न. आम्ही दोघं अशी किडकिडीत राहिलो याचं कारण तिला स्वच्छ दिसत होतं. नाचणी खाऊन कुणी बाळसं धरतं का? शेठाणी हवापालटाला आली की तिनं आम्हाला बघून हळहळावं आणि आपल्या डब्यातला उत्तम गहू आईच्या पदरात घालावा. "पोरांना ताकदीचं दे, सखू," ती म्हणायची. चांगल्या मनाची बाई होती. या हकिगतीत दुष्ट माणूस शोधू नका, सापडणार नाही. मी पुष्कळ शोधला.

त्या गव्हाचं आई सत्त्व करायची. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांना सांगते, हे काम सोपं नाही. गहू भिजत घालायचा, रोज त्याचं पाणी बदलायचं, आंबूस वास आला की पाट्यावर वाटायचा, फडक्यातून पिळून काढायचा. ते दुधासारखं पाणी निवळत ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओतून तो साका उन्हात वाळवायचा. खंडाळ्याला ऊन कुठलं? आई सुपात फडकं अंथरून ते सूप ढगांच्या मागं मागं अंगणभर फिरवायची. मग त्याची दूध आणि साखर घालून खीर. बाळंतिणीला, तान्ह्या पोराला, आजारातून उठलेल्याला यासारखं दुसरं काही नाही, असं सगळा गाव सांगत होता. उरलेला चोथा शेळीला जायचा. शेळी चांगली गुबगुबीत झाली.

मे महिन्यात आम्ही आजीकडं वाडीवर जायचो. तिथं भाताची पेज आणि नाचणीची भाकरी, दुसरं काही नाही. महिन्याभरात आमचं पोट उतरायचं, दामू शेरडांच्या मागं पळायला लागायचा. आई आली की म्हणायची, "पोरास्नी म्हायेरची हवा मानवली बगा." आणि आम्हाला परत खंडाळ्याला न्यायची, पुन्हा ताकदीचं खायला.

दामू

दामू माझ्याहून लहान आणि माझ्याहून अशक्त. तो सत्त्वाला 'पांढरी खीर' म्हणायचा. तापात असला तरी तिचं नाव काढलं की उठून बसायचा. आई हातातलं टाकून चूल पेटवायची. खाल्ल्यावर थोड्या वेळानं तो पोट धरून वळायचा, फडकी खराब करायचा, आणि मग आई जास्त घाबरायची आणि जास्त भरवायची. अंगात काहीच राहत नाही म्हटल्यावर आई दुसरं करणार तरी काय?

पावसाळ्याच्या मध्यावर तो गेला. पहिलीत जायचं वय होतं त्याचं. दिवसाउजेडी, आईच्या मांडीवर, वाटीतली खीर निम्मी संपली असताना. त्यानं तोंड उघडलं, आईनं चमचा दिला आणि तो घास त्यानं गिळलाच नाही. शेजारच्या बंगल्यावर भांडी घासणाऱ्या गंगूमावशीनं बोटानं तो घास बाहेर काढला.

त्यानंतरची कित्येक वर्षं आईजवळ एकच आधार होता. कुणीही समाचाराला आलं की ती सांगायची, "उपाशी न्हाई ग्येला माजा दाम्या. तोंडात घास व्हता त्याच्या." एवढं वाक्य बोलली की तिला श्वास घेता यायचा. मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा यायचा. आज लिहिताना हात थांबतो.

आता ही पोरगीही जाणार, असं गंगूमावशी माझ्यादेखत म्हणायची. पण मी गेले नाही. दामूनंतर आईचा हात सत्त्वाला लागेना. शेठाणीनं दिलेला गहू ती तसाच वाडीवर पाठवून द्यायची. वर्षातून एकदा फक्त, पितृपक्षात सर्वपित्रीला, ती वाटीभर सत्त्व करायची आणि दामूचं पान मागच्या भिंतीवर ठेवायची. त्याला कावळा लगेच शिवायचा. घरात रोज पुन्हा भात आणि नाचणी सुरू झाली आणि मी जगले. का जगले हे कुणाला कळलं नाही. देवाला म्हणे एकच पुरला.

मास्तरीण

मी सातवीची फायनल पास झाले, ट्रेनिंग केलं आणि घोरावाडी स्टेशनाजवळच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पोरगी मास्तरीण झाली. आता मास्तरीण डब्यात नाचणीची काळी भाकरी नेणार का? आईनं पोळ्या शिकून घेतल्या. आबांच्या मते मी रोज साहेबासारखी जेवत होते. वर्षभरात माझी साडी अंगावर टिकेना. केस फणीत राहायला लागले. बायकांचं जे महिन्याच्या महिन्याला यायचं ते बंद झालं. शाळेत मी तासाच्या मध्येच खडू ठेवून बाहेर पळायची आणि पोरं मागं हसायची. त्यांनी मला 'गळती बाई' असं नाव ठेवलं होतं. पोरं वाईट नव्हती, नाव नेमकं होतं.

मला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं मला चालून दाखवायला सांगितलं, मग बसायला सांगितलं आणि माझ्या आईला म्हणाली, "हिला आधी औषधपाणी करा, मग लग्नाचं बघा." चहापोहे झाले, ती मंडळी गेली. मीही उरलेले पोहे खाल्ले, आणि ते मला बाधले नाहीत. तेव्हा कळायला हवं होतं म्हणा. पण पोह्यांनी बरं वाटतं म्हणजे पोळीनं मरायला होतं, हा हिशोब कोण करणार?

एका सकाळी घोरावाडीच्या फलाटावर उतरले आणि तिथंच पडले. तिथून पुण्याला, मोठ्या इस्पितळात.

दूध आणि पाव

इस्पितळातला दिवस कसा असतो ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. सकाळी फिनेलचा वास, मग बेडपॅन, मग थर्मामीटर, मग डॉक्टर आणि त्यांच्या मागं शिकाऊ पोरांची रांग. प्रत्येकानं माझं पोट दाबून बघायचं. मला नाव होतं, पण तिथं मी 'पोट' होते. "ते कोपऱ्यातलं पोट बघितलंस का?" असं एक जण दुसऱ्याला विचारायचा.

रोज सकाळी दूध आणि पाव यायचा. जड काही नको, हलकं खा. मी पाव दुधात बुडवून खायची आणि दुपारपर्यंत आणखी खंगायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला पाव आवडत नसे, तोही ती माझ्या ताटलीत टाकायची. "खा गं, तरणी हाईस." मी खायची. माझ्यावर सगळ्यांनी फार माया केली.

मोठे डॉक्टर नुकतेच परदेशात शिकून आले होते. उंच, कोरडे, घाईत. त्यांनी मला दोऱ्यासारख्या बारीक नळीला बांधलेली एक गोळी गिळायला लावली. गोळी पोटात पुढं सरकेपर्यंत कुशीवर पडून राहायचं आणि नळीचं टोक गालाला चिकटवलेलं. मग ती ओढून बाहेर. त्या गोळीनं आतड्याचा कणभर तुकडा आणलेला असतो. घसा सोलून निघाला, पण मला त्या गोळीचा राग नाही. आयुष्यात मला खरं सांगणारं तेवढंच एक होतं.

निदानाच्या दिवशी आई भेटायला आली होती. डॉक्टर खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, "गहू बंद. कायमचा." मी हसले ती तेव्हा. आई बिचारी हात जोडून उभी होती.

"घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, बाई?"

"धाकला व्हता हिचा भाऊ. ग्येला."

"पोट असंच? जुलाब असेच?"

"व्हय जी. अक्षी असंच."

"खायला काय देत होतात त्याला?"

आईचा चेहरा उजळला. इतक्या मोठ्या माणसानं तिला तिच्या कामाचं काही विचारलं होतं. तिनं सगळं सांगितलं, गहू किती निवडायचा, पाणी कसं बदलायचं, साका कसा धरायचा. "लय ताकदीचं असतंय साहेब. रोज द्यायची मी. एक दिस चुकवला न्हाई."

डॉक्टर पोरांकडं वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. एका पोरानं माझ्या आईकडं बघितलं आणि मान खाली घातली. मग डॉक्टर मराठीत म्हणाले, "म्हणजे मुलालाही गव्हानंच नेलं. हिच्या बाबतीत तसं करू नका." आणि पुढच्या खाटेकडं गेले.

त्यांचं काही चुकलं नाही. खरं तेच बोलले ते. पण खरं बोलायला ते खाटेवर दोन मिनिटं बसले असते तर आभाळ कोसळणार नव्हतं.

पिशवीतून आणलेली संत्री आईनं कपाटावर एकेक करून मांडली. मग पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

लवणारी भाकरी

घरी आल्यावर मी नाचणीची भाकरी आणि भात खायला लागले. महिना-दीड महिन्यात अंगात जीव आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शौचाला न जाता पूर्ण तास शिकवला आणि तो संपल्यावर वर्गातच रडले. पोरांना वाटलं बाई कुणावर तरी रागावल्या.

आणि मग सगळं परत सुरू झालं. तेच जुलाब, तीच कळ, तोंडात तेच फोड. मी पुण्याला गेले. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "चोरून खाता तुम्ही," ते म्हणाले. मी शपथ घेतली. "सगळे रुग्ण शपथ घेतात. शिक्षिका आहात ना? मग निदान खोटं तरी नीट बोला." मी घरी येईपर्यंत स्वतःचीच उलटतपासणी करत होते. झोपेत खाते का मी? चहातून जातं का? चुलीजवळच्या हवेतून?

काही दिवसांनी शाळेत दुपारी डबा उघडला. भाकरी काढली आणि मोडायला गेले, तर ती मोडली नाही. लवली. ज्यांनी नाचणीची गार भाकरी खाल्ली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. सकाळची भाकरी दुपारी हातात घेतली की काठानं तडकते, तिचा चुरा होतो. ही मात्र चपलेच्या पट्ट्यासारखी वाकली आणि सोडल्यावर परत सरळ झाली. असं एकच पीठ करतं. नाचणीच्या काळेपणात ते दिसत नव्हतं, एवढंच.

मी ती भाकरी तशीच फडक्यात बांधली आणि संध्याकाळी आईसमोर ठेवली. आबा दारात पाय धूत होते.

"मोड ही, आई."

"का?"

"मोड म्हणते ना."

तिनं हात लावला नाही. आबांनी ओल्या हातानं भाकरी उचलली, वाकवली आणि खाली ठेवली. ते सगळं समजले. आयुष्यभर मातीत हात घातलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांनी हात धोतराला पुसले.

"किती घालतेस?" मी विचारलं.

"मूठभर."

"रोज?"

"व्हय. रोज."

"का गं? मी मरावं म्हणून?"

"मरावं कशाला म्हनतीस!" आई एकदम ओरडली. "तुला गहू बादला नसता तर माजा दाम्या त्यानं ग्येला न्हाई, असं झालं असतं. येवढंच बगायचं व्हतं मला. येवढंच!"

आबा म्हणाले, "आन् बादला तर?"

ते तिच्या मनात आलंच नव्हतं असं नाही. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात, दुकानात थोडं जास्त मागावं तशी ती म्हणाली, "आजून थोडं दिस बगू की. मूठभरानं काय व्हतंय?"

मला तिचा भयंकर राग आला. तिला स्वतःचे हात स्वच्छ हवे होते आणि ते पुसायला तिनं माझं आतडं घेतलं होतं. मी म्हणाले, "नाही बघायचं. आता मी तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही." आबा म्हणाले, "सखे, येक पोर ग्येलं. दुसऱ्यावर पारख करतीस व्हय?" ती उठली आणि शेळीला चारा घालायला निघून गेली. शेळी मरून कितीतरी वर्षं झाली होती. ती रिकाम्या खुंट्याजवळ उभी राहिली.

आईच्या हातचं न खाणारी

मी घोरावाडीला खोली घेतली. एक स्टोव्ह, एक तवा, माझं वेगळं जातं. जातं वेगळं हवंच, हे तुम्हीही लक्षात ठेवा. गव्हाच्या जात्यावर दळलेली नाचणी म्हणजे गहूच.

लोकांनी बोलायचं ते बोललेच. कमावती झाली आणि आईबापांना टाकून गेली. आईच्या हातचं चालत नाही तिला, असा कुठला मेला रोग? गव्हाचा रोग! गरिबाच्या पोरीला श्रीमंताची दुखणी. शाळेत सत्यनारायण झाला, मी शिऱ्याचा प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवला, तर मुख्याध्यापकांच्या बायकोनं सगळ्यांदेखत सुनावलं, "प्रसादानं कधी कुणाला काही झालंय का, बाई?" झालं आहे. दामूला झालं आहे. पण एवढ्यावर पूजा नासवू कशाला, म्हणून मी गप्प बसले. उन्हाळ्यात शेठाणी आली, तिनं ऐकलं आणि आईला म्हणाली, "आमच्या गव्हानं आजवर कुणाचं वाईट झालं नाही, सखू." आईनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत आशा होती.

रेशनवर तांदूळ मिळेनासा झाला आणि नुसता अमेरिकेचा लाल गहू यायला लागला, ते दिवस सगळ्यांत वाईट गेले. जग उपाशी राहू नये म्हणून आगबोटीनं माझं विष येत होतं. मी माझा गहू शेजाऱ्यांना देऊन त्यांच्याकडून ज्वारी घ्यायची. त्यांना वाटायचं बाई अडाणी आहे, चांगलं देऊन वाईट घेते. वाटू दे.

चार गोष्टी उपयोगाच्या सांगते. उपासाचं सगळं आपल्याला चालतं, वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. लोक तुम्हाला फार देवभोळे समजतील, समजू द्या. लोणावळ्याची चिक्की पोटभर खा, गूळ आणि दाण्यांत काही लपत नाही. मात्र हिंग जपून, त्यात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. मला हे कळेपर्यंत माझं आमटीशी वैर होतं. कुणाच्या घरी गेलात तर 'थोडं चालतं का?' असं विचारतील. चालत नाही. चिमूटभरही नाही. आणि ज्यांची तुमच्यावर माया आहे त्यांच्या ताटावर जास्त लक्ष ठेवा. परक्याला तुम्हाला खायला घालायची एवढी हौस नसते.

मी बरी झाले. वजन वाढलं, केस दाट झाले, महिन्याचं चक्र पुन्हा सुरू झालं. गालावर रंग आला तेव्हा शाळेतली पोरं मला नव्यानं नाव शोधायला लागली. पण महिन्यातून एकदा मी खंडाळ्याला जायची तेव्हा हे बरं होणं मला लपवावंसं वाटायचं. आई माझ्या दंडाकडं बघायची. दुसऱ्याच्या आईला लेकीचे भरलेले दंड बघून बरं वाटतं. माझी आई त्यात पुरावा बघायची. जितकं मांस माझ्या अंगावर चढत होतं तितकी ती वाळत होती. तोंडात घास होता त्याच्या, हे वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. तेवढा एकच आधार होता तिला, आणि तो मी धडधाकट होऊन काढून घेतला. मी तिच्याकडं जाताना माझा डबा न्यायची आणि तिच्यासमोर बसून माझं माझं जेवायची. ती बघत राहायची. दोघींनाही ते सहन होत नव्हतं, पण मी डबा सोडला नाही. मला जगायचं होतं.

सर्वपित्री

दोन वर्षांपूर्वी सर्वपित्रीला गेले. थकलेले आबा बाजेवर बसून होते. आई चुलीपाशी होती. पाट्यावर काही वाटलेलं दिसेना, फडकं वाळत घातलेलं दिसेना. पातेल्यात खीर होती.

"सत्त्व नाही केलंस?"

"न्हाई. तांदळाची हाय."

तिनं केळीच्या पानावर भात, वरण, भाजी आणि ती खीर वाढली आणि पान मागच्या भिंतीवर ठेवलं. दरीकडच्या फणसावर कावळे होते. एक खाली आला, भिंतीवर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. आम्ही थांबलो. दुसरा आलाच नाही. दर वर्षी पान टेकवायचा अवकाश की झडप पडायची.

गंगूमावशी कुंपणाशी आली. तिचे दात गेले होते, जीभ शाबूत होती. "अगं सखू, पांढरी खीर कुटं हाय त्याची? आवडीचं न्हाई म्हणून शिवंना त्यो. माज्याकडं रवा हाय, आण म्हनतीस तर आनते. घाल चिमटीभर."

"नगं," आई म्हणाली.

"अगं पोर उपाशी ऱ्हाईल तुजं!"

"ऱ्हाऊ दे उपाशी." आईचा आवाज चढला नाही. ती पानाकडं बघून बोलत होती. "उपाशी ऱ्हायला असता तर आज तुमच्यापुडं हुबा असता. माज्या हातनं त्याला आता गहू न्हाई."

आबांनी बाजेवर तोंड फिरवलं. मी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिला हात लावावा असं फार वाटलं, पण आमच्या दोघींत ती सवय राहिली नव्हती.

ऊन कलेपर्यंत कावळा आला नाही. मग आईनं ते पान दोन्ही हातांनी उचललं, घरात आणलं आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. गंगूमावशी दारातून ओरडली, पितराचं पान असं जित्या माणसाला वाढतात का, अवदसा आठवली का तुला. आईनं तिच्याकडं बघितलं नाही.

"तू खा," ती मला म्हणाली. "ह्याच्यात काय न्हाई. तवा नवा हाय, जातं धुतलंय, आमटीला हिंगबी न्हाई. इस्वास असला तर खा. नसला तर नगं."

माझा डबा पिशवीत होता. मी पिशवी बाजूला सरकवली आणि खाल्लं. भात गार झाला होता, खिरीवर साय धरली होती. आई समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती, लहानपणी बघायची तशी. दामूच्या पानावर मी काही शिल्लक ठेवलं नाही.

संध्याकाळच्या गाडीत बसले आणि सवयीनं पोट कधी दुखायला लागतं त्याची वाट बघत राहिले. कामशेत गेलं, वडगाव गेलं. घोरावाडी आली तरी ते दुखलं नव्हतं.